जुळलेली आकृती

साखळी २० मीटरची. सकाळी तपासली तेव्हा बरोबर होती, संध्याकाळी १० सेंटिमीटर लांब भरली. दिवसभरात १,००० मीटर मोजून झाले. खरं अंतर किती?

सर्व्हेइंग शिकणाऱ्या प्रत्येकानं असलं गणित कधी ना कधी सोडवलेलं असतं. साखळी दिवसभर सावकाश ताणत गेली असं धरायचं, सरासरी वाढ ५ सेंटिमीटर घ्यायची, उत्तर १,००२.५ मीटर. दोन ओळींचं काम. पण ही दोन ओळींची शिस्त फार कमी विद्या शिकवतात: मोजून झालं की मापालाच मापायला घ्यायचं.

लांब झालेली साखळी अंतर कमी सांगते. नवख्याला हे उलटं वाटतं. साखळी वाढली म्हणजे आकडाही वाढेल, असं मन धरून चालतं. पण लांब ढांगा टाकणाऱ्याची पावलं कमीच भरतात.

चूक किती, हा दुसरा प्रश्न. चूक कुठल्या बाजूची, हा पहिला.

३० मीटरची पोलादी टेप २० अंश तापमानाला प्रमाणित केलेली असते. मे महिन्यात विदर्भात तीच टेप ४५ अंशांवर गेली की साडेआठ मिलिमीटरनं वाढते, आणि अंतर कमी भरतं. दोन टोकांना धरलेल्या टेपला मध्ये झोळ पडला की उलट होतं, अंतर जास्त भरतं. उतारावर तिरकी धरली तरी जास्तच. ३० मीटरात एक मीटर चढ असेल तर १७ मिलिमीटर. उन्हाची चूक एका बाजूला, झोळाची दुसऱ्या. परीक्षेत मुलांचे गुण जातात ते सूत्र चुकल्यानं क्वचित. अधिक-उण्याची खूण चुकल्यानं फार.

आपल्याकडची मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. तिचा चौरस म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमीन मोजून, तिची प्रत लावून सारा आकारण्याची पद्धत बसवली. ती पुढे मुंबई इलाखाभर गेली, आणि शेताच्या क्षेत्रफळाचा आकडा कुणब्याच्या सरकारदेण्याला कायमचा जोडला गेला. आता ही साखळी वापरून वापरून ४ इंच वाढली असं धरा. लांबीत चूक शंभरात एक. क्षेत्रफळात शंभरात दोन, कारण तीच चूक लांबीलाही लागते आणि रुंदीलाही. दप्तरात ५ एकर लिहिलेलं शेत प्रत्यक्षात ४ गुंठ्यांनी मोठं. शेतकऱ्याचा तेवढा सारा वाचला. साखळी तेवढीच आखूड असती, तर नसलेल्या ४ गुंठ्यांचा सारा त्यानं बंदोबस्ताच्या ३० वर्षांच्या मुदतीत दरसाल भरला असता, आणि पावतीवर सगळं रीतसर दिसलं असतं.

त्याच बिघडलेल्या साखळीनं दोन भावांची निम्मी-निम्मी वाटणी केली तर? वाटणी चोख होते. दोष दोघांच्याही वाट्याला सारखाच आला. बांधावरचं भांडण उभं राहतं ते शेजारचं शेत दुसऱ्या साखळीनं मोजलेलं असतं तेव्हा.

एका मापानं मोजणाऱ्यांत वाद नसतो. तेवढ्यावरून माप खरं ठरत नाही.

बंद ट्रॅव्हर्सचं गणित याच जागी घेऊन येतं. एका खुंटीपासून निघायचं, कोपरा कोपरा घेत परत त्याच खुंटीवर यायचं. उत्तरेला जितके गेलो तितकेच दक्षिणेला आलो पाहिजे. पूर्वेला जितके, तितकेच पश्चिमेला. बेरजा शून्य. शून्य आलं की मुलांच्या चेहऱ्यावर सुटका दिसते, आणि ती योग्यच आहे. मात्र त्या शून्याची साक्ष कशापुरती आहे, हे त्यांना त्याच तासाला सांगायला हवं. सगळ्या बाजू एकाच लांबलेल्या साखळीनं मोजल्या, तर आकृती तंतोतंत जुळते. फक्त लहान होते. सगळे दिशाकोन सारख्याच अंशांनी चुकले, तर आकृती तंतोतंत जुळते, फक्त फिरते. खऱ्या उत्तरेऐवजी चुंबकीय उत्तर धरून चाललेला सर्व्हेअर असाच एक अख्खा नकाशा फिरवून ठेवतो, आणि त्याच्या कुठल्याही बेरजेला त्याचा पत्ता लागत नाही.

जुळणी घाईची चूक पकडते, हात थरथरल्याची चूक पकडते, आकडा उलटा लिहिल्याची चूक पकडते. सवयीची चूक तिच्या हाताला लागत नाही.

सर्व्हेअर विल्यम लॅम्बटनला हे पक्कं ठाऊक होतं. १८०२ साली मद्रासजवळ, सेंट थॉमस माउंटच्या सपाटीवर त्यानं सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा पोलादी साखळीनं मोजली. साखळी लाकडी पेट्यांत ताणून धरलेली, शेजारी थर्मामीटर, प्रत्येक वेळच्या तापमानाची नोंद. तिथून पुढे लांबी मोजायचीच नाही. नुसते कोन घ्यायचे आणि त्रिकोणावर त्रिकोण रचत पश्चिमेला सरकायचं. त्रिकोण कागदावर जुळत होते. तरी बंगळूरला पोचल्यावर, १८०४ मध्ये, त्यानं जमिनीवर पुन्हा एक रेषा मोजवून घेतली. तिची लांबी गणितानं आधीच सांगितली होती. दोन्हींत फरक काही इंचांचा. हे इंच किती थोडे, याचं कौतुक सगळे करतात. मला मोठी वाटते ती रेषा पुन्हा मोजण्याची बुद्धी. इतके महिने डोंगरमाथे चढून रचलेलं सगळं एका रेषेपुढे उभं करायचं आणि विचारायचं, आता सांग.

लॅम्बटन १८२३ साली कामावर असतानाच हिंगणघाटला वारला. मोजणी शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे माहीत असावं. त्यांच्या विद्येचा एक मोठा माणूस वर्धा जिल्ह्याच्या मातीत आहे.

दिशाकोनाची गणितं साखळीच्या गणितांहून अवघड नाहीत, पण जास्त विचार करायला लावतात. ए पासून बी कडे पाहिलं, कंपासनं ७४ अंश ३० मिनिटं दाखवली. बी वर जाऊन ए कडे वळून पाहिलं, २५४ अंश ३० मिनिटं. फरक बरोबर १८०. दोन्ही ठिकाणं निर्दोष. बी पासून सी: १०७ अंश १५ मिनिटं. सी पासून बी: २८५ अंश ४५ मिनिटं. यायला हवे होते २८७ अंश १५ मिनिटं. म्हणजे सी जवळ काहीतरी आहे, सुई दीड अंश ओढली जाते आहे. तिथून घेतलेल्या प्रत्येक वाचनात दीड अंश मिळवायचा आणि पुढे चालायचं.

दीड अंश म्हणजे १०० मीटरांवर २ मीटर ६० सेंटिमीटर. बांध कोरल्यावरून गावात डोकी फुटतात, ती याहून कमी रुंदीसाठी.

सुईला ओढणारं काय असतं? विजेची तार, कुंपणाचा खांब, खिशातल्या किल्ल्या, पायाशी पडलेली मोजणीचीच साखळी. आणि आपल्या भागात खुद्द जमीन: दख्खनच्या काळ्या पाषाणात चुंबकीय खनिज असतं. सर्व्हेअर ज्या खडकावर घट्ट पाय रोवून उभा राहतो, तोच त्याची उत्तर हलवू शकतो.

एका टोकावरून पाहून हे कधीच कळत नाही. ओढली गेलेली सुईही शांतच उभी असते.

आणि पुस्तकं जी गोष्ट एका वाक्यात उरकतात, ती मी प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहायला लावीन. फरक १८० आला म्हणजे दोन्ही ठिकाणं निर्दोष असतील, किंवा दोन्हींना सारखीच ओढ असेल. दोघांनी एकमेकांना दुजोरा दिला एवढंच सिद्ध होतं. शंका असेल तर तिसऱ्या ठिकाणी जावं लागतं.

मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेवर दुसऱ्या ठिकाणी जाण्याची वेळ खरोखरच आली. एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीपासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मग शहरातल्या ट्राम विजेवर चालवायचं ठरू लागलं, आणि त्या विजेनं सुया बिघडणार हे उघड होतं. तेव्हा संचालक होते नानाभॉय मूस. वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला हललं. लोखंडाचा संसर्ग नको म्हणून इमारतच चुंबकीय नसलेल्या साहित्याची बांधली. नोंदी १९०४ पासून सुरू झाल्या. पण कुलाबा लगेच बंद झालं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वाचनं घेतली गेली, म्हणजे जुनी मालिका आणि नवी मालिका यांतला फरक किती, हे कळावं. आज अलिबागच्या नोंदींना जगात मान आहे, त्यात या दुहेरी नोंदींच्या धीराचा वाटा मोठा आहे. जागा बदलणारे पुष्कळ असतात. बदलताना काही काळ दोन्हीकडे उभं राहायची तयारी थोड्यांची.

राहिली ती चूक, जी सगळं नीट करूनही उरते. ट्रॅव्हर्स दहा-वीस सेंटिमीटरनं जुळत नाही. दोष कुणाचा म्हणावा? बाउडिचचा नियम सांगतो, प्रत्येक बाजूला तिच्या लांबीच्या प्रमाणात वाटून द्या. सराव करताना मुलं हा नियम यंत्रासारखा लावतात. तो जन्मला कसा, हे त्यांना सांगितलं तर ती तसा लावणार नाहीत. १८०८ च्या सुमाराला अमेरिकेत ‘द अ‍ॅनालिस्ट’ नावाच्या गणिताच्या नियतकालिकात रॉबर्ट पॅटरसन यांनी वाचकांपुढे एक प्रश्न ठेवला: पाच बाजूंचं शेत मोजलं, आकडे जुळत नाहीत, तर क्षेत्रफळ काय धरावं? बक्षीस १० डॉलर. ते नॅथॅनिएल बाउडिच यांना मिळालं. आणि त्याच प्रश्नावर विचार करताना संपादक रॉबर्ट एड्रेन चुकांच्या वाटणीच्या त्या घंटाकृती वक्रापर्यंत पोचले, जो पुढच्याच वर्षी गाउसनं मांडला आणि ज्याला आज जग गाउसच्या नावानं ओळखतं. सरावाचं एक गणित, एक न जुळणारं शेत, आणि त्यातून चुकांचं शास्त्र.

पॅटरसन यांच्या शेताचे आकडे पहिल्याच फटक्यात जुळले असते, तर प्रश्न उरलाच नसता.

सरावाच्या पुस्तकात आणखी एक प्रकार असतो, राहिलेल्या मापाचा. मध्ये विहीर आली, दाट ऊस आला, एक बाजू मोजता आली नाही. बंद आकृतीत अशी दोन मापं गणितानं काढता येतात. मुलांना हे गणित आवडतं, कारण न जाता उत्तर मिळतं. किंमत मात्र मोठी असते. बाकीच्या सगळ्या बाजूंची चूक त्या न मोजलेल्या बाजूत जाऊन बसते, आणि आकृती जुळते की नाही हे विचारायची सोयच संपते. ती जुळवूनच काढलेली असते. जिथे कुणी गेलं नाही, तिथे सगळ्यांचे दोष साठतात.

न जुळणं नेहमी सर्व्हेअरचंच पाप नसतं. उत्तर भारतात कलियाना आणि कल्याणपूर या दोन ठिकाणांमधलं सुमारे ६०० किलोमीटरांचं अंतर जमिनीवरच्या त्रिकोणांनी काढलं आणि आकाशातल्या ताऱ्यांनीही काढलं. दोन्हींत कोनाच्या ५.२३६ सेकंदांचा फरक आला, जमिनीवर साधारण १६० मीटर. आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी हिशेब मांडला: हिमालयाचा प्रचंड भार ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार. कंपासला लोखंड ओढतं, ओळंब्याला पर्वत. पण त्या हिशेबानं फरक १५.८८५ सेकंदांचा यायला हवा होता, तिपटीनं. फरक होता, आणि असायला हवा त्याहून कमी होता. १८५५ साली प्रॅट यांनी हे छापलं, त्याच वर्षी एअरी यांनी कारण सुचवलं: पर्वतांखाली हलक्या खडकाची खोल मुळं असावीत. ते ५.२३६ सेकंद कुणी बाउडिचच्या नियमानं गुपचूप वाटून टाकले असते, तर पर्वतांच्या मुळांपर्यंत कुणाची नजर एवढ्यात गेली नसती.

आता रोव्हर आले आहेत. उपग्रहांकडून जागेचे आकडे काही क्षणांत हातात पडतात. काम खरोखर सोपं झालं आहे, आणि ते चांगलंच आहे. तरीही जुन्या नकाशावरची हद्दीची खूण आणि नव्या यंत्राचा आकडा यांत फरक आला की बांधावर उभ्या दोन घरांना उत्तर यंत्र देत नाही, भूकरमापक देतो. त्याला दोन्हीकडून पाहायची सवय आहे की नाही, हे तेव्हा कळतं.

म्हणून सरावाच्या पुस्तकांत मला एक गणित हवं आहे. पाच बाजूंचा ट्रॅव्हर्स, परिमिती ६२० मीटर, न जुळणारं अंतर २०.१ मीटर, आणि त्याची दिशा सीडी या बाजूच्या दिशेशी अर्ध्या अंशात मिळणारी. हुशार मुलगा लगेच नियम लावील, २० मीटर पाचही बाजूंना वाटील, आकृती सुबक बंद करील. त्याला शून्य गुण द्यावेत. चूक एका अख्ख्या साखळीएवढी आहे आणि सीडीच्या रेषेत आहे. बहुधा दर साखळीच्या टोकाला रोवायचे ॲरो मोजताना एक राहून गेला. पूर्ण गुण तीन शब्दांच्या उत्तराला: सीडी पुन्हा मोजा. सोबत कुणी लिहिलं, की या खेपेला डी कडून सी कडे मोजा आणि साखळी धरणारी माणसं बदला, तर त्याला वर आणखी एक गुण द्यावा.