शिबिराचे नियम आणि मुक्या सोबत्यांचे हक्क



सुट्यांच्या दिवसांत ठिकठिकाणी निवासी प्रशिक्षण शिबिरे भरतात. त्यांच्या नियमपत्रिकेत बहुधा एक ओळ असते : ‘सोबत कोणताही प्राणी आणू नये.’ मांजराचा लळा असलेली एखादी भगिनी ही ओळ वाचते आणि मांजर शेजाऱ्यांकडे सोपवून निघते. प्रशिक्षित श्वानाच्या आधाराने चालणारा अंध बांधवही तीच ओळ वाचतो. त्याच्यासाठी मात्र शिबिराचे दारच बंद होते. एकच नियम दोघांना सारखाच लावणे, हा न्याय आहे काय?

याचे उत्तर शोधताना आपली दृष्टी प्रथम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पडावांकडे वळावी. रात्री मुक्काम करताना वाटेवर उतरू नका, कारण ती जनावरांची वाट आणि सरपटणाऱ्या जिवांचा आसरा असते, अशी त्यांची शिकवण ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. माननीय अनस (र.) सांगतात की, मुक्कामी पोहोचल्यावर उंटांच्या पाठीवरील ओझे उतरविल्याशिवाय सहाबा नफ्ल नमाजलाही उभे राहत नसत. एका प्रवासात कोणी पक्ष्याची दोन पिले उचलली आणि त्यांची आई व्याकूळ होऊन घिरट्या घालू लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) पिले परत ठेवण्यास फर्माविले. इतिहासकार वाकिदी यांनी नोंदविले आहे की, हिजरी 8 मध्ये मक्केकडे निघालेल्या विशाल सैन्याच्या वाटेवर एक कुत्री आपल्या पिलांना पाजत होती. तिला कोणाचा त्रास होऊ नये म्हणून प्रेषितांनी (स.) एका सहाबीला तेथे पहाऱ्यावर उभे केले. पडावाची शिस्त माणसांपुरतीच नसते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आता स्वच्छतेचा प्रश्न घेऊ. मांजराविषयी अडचण नाही. माननीय अबू कतादा (र.) यांनी वुजूच्या पाण्याचे भांडे मांजरासाठी कलते केले आणि ते अपवित्र नसल्याची प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली. तरीही शेकडो लोकांच्या निवासात मांजर आणल्यास कोणाला दम्याचा त्रास होईल, कोणाची झोप मोडेल, आणि ते मुके जनावरही अनोळखी जागी बावरेल. म्हणून केवळ हौसेच्या प्राण्यांना घरीच ठेवावे, हा नियम योग्यच आहे. मात्र त्यांच्या दाणापाण्याची सोय करून निघणे हे मालकाचे कर्तव्य आहे. मांजराला कोंडून उपाशी मारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली, ही हदीस आपण जाणतोच.

श्वानाविषयी अधिक सावधगिरी आहे. हौसेखातर कुत्रा पाळल्याने रोज पुण्य घटते, असे हदीसमध्ये आले आहे. पण शिकार, गुरेढोरे आणि शेतीची राखण यांना त्यातून वगळले आहे. पवित्र कुरआनच्या ‘अल्-माइदा’ या सूरहमध्ये (5:4) प्रशिक्षित शिकारी प्राण्यांनी पकडलेली शिकार वैध ठरविली आहे. गुरांच्या राखणीसाठी सवलत असेल, तर अंध माणसाच्या जिवाच्या राखणीसाठी ती अधिकच लागू होते, असे अनेक समकालीन विद्वानांचे मत आहे.

तथापि सवलत म्हणजे बेफिकिरी नव्हे. आपल्या महाराष्ट्रात कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई, तर घाटावरील हनफी मसलकाचे आहेत. हनफींच्या मान्य मतानुसार कुत्र्याची लाळ अपवित्र आहे, अंग नव्हे. शाफईंच्या मते ओल्या अंगाच्या स्पर्शानेही सात वेळा, त्यांपैकी एकदा माती लावून, धुणे आवश्यक ठरते. कोरड्या स्पर्शाने मात्र दोघांच्याही मते अपवित्रता लागत नाही. शिबिरात दोन्ही मसलकांचे बांधव शेजारी शेजारी नमाज अदा करतात. एकाची सवलत दुसऱ्याच्या नमाजमध्ये शंका निर्माण करणारी नसावी.

मग आयोजकांनी काय करावे? नमाजच्या जागेपासून आणि भोजनगृहापासून दूर, सावलीची व पाण्याची स्वतंत्र जागा श्वानासाठी ठेवावी. त्याची भांडी वेगळी असावीत. जमाअतच्या वेळी स्वयंसेवकाने अंध बांधवाचा हात धरून त्याला सफमध्ये आणावे आणि नमाजनंतर परत पोहोचवावे. श्वान कामावर असताना कोणी त्याला हाक मारू नये, खाऊ घालू नये, मुलांना दगड मारू देऊ नये. इंग्लंडमधील लेस्टर शहरातील एका मशिदीने 2008 मध्ये अंध तरुणाच्या श्वानासाठी अशीच वेगळी जागा केली होती.

कोणी म्हणेल, एका माणसासाठी एवढा खटाटोप कशाला? अशा वेळी माननीय अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (र.) यांचे स्मरण करावे. या अंध सहाबींच्या संदर्भात ‘अबसा’ ही सूरह अवतरली आणि साक्षात प्रेषितांना (स.) अल्लाहने सावध केले. मशिदीपर्यंत नेणारा कोणी नाही म्हणून एका अंध सहाबींनी घरीच नमाज अदा करण्याची सवलत मागितली, तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले, अजान ऐकू येते काय? होकार मिळताच त्यांनी त्या हाकेला प्रतिसाद देण्यास सांगितले. अंधाचे स्थान जमाअतमध्येच आहे. तो तेथे पोहोचावा यासाठी वाट मोकळी करणे, हे डोळस माणसांचे काम होय.

बंधूंनो, पुढील शिबिराची नियमपत्रिका लिहिताना त्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहावी : ‘आधारासाठी प्रशिक्षित श्वान आवश्यक असल्यास आम्हाला आधी कळवा, आपली व्यवस्था करणे ही आमची जबाबदारी आहे.’ ही ओळ वाचून एक जरी बांधव घराबाहेर पडला, तरी ते शिबिर सार्थकी लागले.

अल्लाह आपल्या शिस्तीत दया आणि आपल्या दयेत शिस्त प्रदान करो. आमीन.