चमच्यातलं दूध कुठे गेलं?

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपंधरवडा चालू होता आणि गणपती विसर्जनाला जेमतेम दोन आठवडे उलटले होते. दिल्लीतल्या एका देवळात भल्या पहाटे कोणीतरी गणपतीच्या सोंडेला दुधाचा चमचा लावला आणि चमचा रिकामा झाला. ही बातमी दिवस मावळण्याआधी मुंबई-पुण्यातच नव्हे, तर लंडनच्या साउथॉलपर्यंत जाऊन पोचली. मोबाइल तेव्हा जवळपास कोणाच्याच हातात नव्हता. घरचा फोन आणि कोपऱ्यावरचा एसटीडी बूथ, एवढ्या साधनांवर हे घडलं. देवळांपुढे मैलभर रांगा लागल्या, कचेऱ्या ओस पडल्या, दूध मिळेनासं झालं.

त्या रांगांमधले लोक खोटं बोलत नव्हते, हे आधी मान्य करायला हवं. चमचा खरोखरच रिकामा होत होता. शिकलेल्यांनी पाहिलं, न शिकलेल्यांनी पाहिलं, आणि जे पाहिलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. गफलत झाली ती पुढच्या पायरीवर. चमच्यातून दूध गेलं, एवढंच डोळ्यांना दिसलं होतं. ते मूर्तीच्या पोटात गेलं, हे कोणीच पाहिलं नव्हतं. मधली जागा मनाने भरून काढली आणि सांगताना दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या गेल्या.

केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागातल्या शास्त्रज्ञांनी दिल्लीत एक साधी युक्ती केली. त्यांनी दुधात रंग मिसळला. काठोकाठ भरलेल्या चमच्यात पृष्ठताणामुळे दूध थोडं फुगून वर येतं. चमचा किंचित कलता करून त्याचा काठ ओल्या दगडाला टेकवला, की ते दगडाकडे ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीच्या अंगावरून खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढऱ्या दुधाचा हा थर दिसत नाही. रंगीत दुधाचा ओघळ मात्र सोंडेपासून पायांपर्यंत सगळ्यांना दिसला. ज्यांना सोंडेऐवजी मूर्तीच्या पायांशी पाहावंसं वाटलं, त्यांना रंगाचीही गरज पडली नसती.

माहीमचा प्रसंग याहून काळजीचा होता. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोड झाल्याची बातमी पसरली आणि त्याच रात्री हजारो माणसं बाटल्या घेऊन तिथे धावली. इथेही मूळ निरीक्षण अगदीच निराधार नव्हतं. पावसाळा ऐन भरात होता. गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे मिठी नदीतून किंवा जमिनीखालून आलेलं पावसाचं पाणी काही काळ वर तरंगलं, तर वरच्या थराचा खारटपणा कमी लागू शकतो. पण मिठी नदी माहीमच्या खाडीत काय काय आणून ओतते, हे मुंबईत राहणाऱ्या कोणाला सांगायला हवं? सांडपाणी आणि कारखान्यांची घाण मिसळलेलं ते पाणी लोकांनी स्वतः प्यायलं, लेकरांना पाजलं. पिऊ नका, असं सरकारी यंत्रणा सांगत होत्या, पण ते ऐकतो कोण! दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा खारट झालं.

पडताळणी म्हणजे श्रद्धाळूंना खोटं पाडणं, असा एक समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. तो किती चुकीचा आहे हे पाहायचं असेल, तर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने भानामतीची प्रकरणं कशी हाताळली ते पाहावं. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी स्थापन केलेल्या या समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं अशा घरांमध्ये जात आले आहेत. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे आपोआप पेटतात, अन्नात माती मिसळलेली सापडते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. घरातली माणसं भेदरलेली असतात आणि मांत्रिकाच्या पायांशी पैसे ओतून बसलेली असतात. कार्यकर्ते घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलतात. कोणता प्रकार कधी घडला, तेव्हा घरात कोण होतं, कोण नव्हतं, हे विचारत जातात. पुन्हा पुन्हा एकच गोष्ट पुढे येते: हे करणारा हात घरातलाच असतो. बहुतेकदा तो अशा माणसाचा असतो ज्याचं त्या घरात कोणी ऐकत नाही. सासरी घुसमटलेली सून, शाळेला विटलेलं पोर, मनाने आजारी असलेलं कोणीतरी.

आणि इथे समितीने जे पथ्य पाळलं, ते फार मोलाचं आहे. ते नाव गावात जाहीर करायचं नाही. त्या व्यक्तीशी एकांतात बोलायचं, तिचं दुखणं समजून घ्यायचं, गरज असेल तर मानसोपचारापर्यंत न्यायचं. भानामती थांबते आणि ती व्यक्तीही वाचते. मांत्रिकाच्या वाटेने गेलं असतं, तर ‘करणी’ कोणी केली याचा शोध सुरू झाला असता आणि तो शेजारच्या एखाद्या एकट्या म्हातारीच्या दारात जाऊन थांबला असता. चौकशी करणं हेच इथे करुणेचं काम ठरतं.

संशय घ्यायचा म्हणजे प्रत्येक नवल खोटं ठरवायचं, असंही नाही. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झाल्याची छायाचित्रं फोनवर फिरू लागली. टाळेबंदीच्या त्या दिवसांत इतक्या खोट्या गोष्टी फिरत होत्या, की ही छायाचित्रंही बनावट असतील असं वाटणं स्वाभाविक होतं. पण पाणी खरंच गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले आणि कारण सापडलं: पातळी घटून पाण्याचा खारेपणा वाढला होता आणि अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांची संख्या फोफावली होती. आधी घडलं का, मग कशामुळे घडलं. या क्रमाने गेलं की खरं नवलही हाती लागतं.

हा क्रम मोडण्यात केवळ भाबडेच पुढे असतात असं नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांची नवी नोट आली, तेव्हा त्या नोटेत जमिनीखालूनही माग काढता येईल अशी ‘नॅनो चिप’ आहे, ही थाप वृत्तवाहिन्यांनी गंभीर चेहऱ्याने समजावून सांगितली. रिझर्व्ह बँकेने नोटेची वैशिष्ट्यं जाहीर केली होती. त्यांत चिप नव्हती. ती माहिती वाचायला पाच मिनिटंही लागली नसती. बातमी देणं हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्याकडून हे घडणं अक्षम्य आहे.

दुधाच्या अफवेत दूध वाया गेलं. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात माणसं गेली.

१ जुलै २०१८. साक्री तालुक्यातल्या या गावाचा रविवारचा बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या भागात कित्येक दिवस फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं गावात आली. भटकंती करून भिक्षा मागणं ही त्यांची पिढ्यान् पिढ्यांची रीत. जमावाला त्यांचा संशय आला. त्यांना मारहाण झाली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं गेलं आणि तिथे ती पाचही माणसं ठेचून मारली गेली. त्यांनी कोणाचंही मूल पळवलेलं नव्हतं.

त्या वर्षी देशभर ज्या चित्रफितीने आगीत तेल ओतलं, तिच्यात मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावरचं मूल उचलून नेताना दिसतात. ती फीत कराचीची होती आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी तिथल्या एका संस्थेने केलेली जाहिरात होती. मूळ जाहिरातीत ते दोघे लगेच परत येतात, मूल खाली ठेवतात आणि लोकांना सावध करणारा फलक दाखवतात. भारतात फिरलेल्या फितीतून हा शेवट कापलेला होता. अवयवांसाठी मारलेली मुलं म्हणून जे छायाचित्र फिरलं, ते २०१३ मध्ये सीरियातल्या घौता इथे रासायनिक हल्ल्यात बळी पडलेल्या लेकरांचं होतं. दोन्ही गोष्टी शोधून काढणाऱ्या पत्रकारांनी मूळ चित्रं इंटरनेटवरच मिळवली. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. राईनपाड्याच्या पाच जणांना तिचा काही उपयोग नव्हता.

महाराष्ट्राकडे २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो ज्यांच्या अनेक वर्षांच्या आग्रहातून आला, त्या दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात गोळ्या घालून खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला. हा कायदा भोंदूला पकडू शकतो. घरच्या ग्रुपवर आत्याने किंवा मेहुण्याने कळकळीने पाठवलेला संदेश तो अडवू शकत नाही, आणि त्याने अडवूही नये. ते काम घरातल्याच कोणीतरी करायचं आहे. तेव्हा असा संदेश येईल त्या दिवशी गप्प राहू नका. पाठवणाऱ्याचा मान राखून, पण सगळ्यांना दिसेल असं, त्याच ग्रुपवर विचारा: हे कुठलं आहे, कधीचं आहे, आणि प्रत्यक्ष कोणी पाहिलं? उत्तर मिळेपर्यंत तो संदेश पुढे पाठवू नका.