आंदणातला किल्ला

सोलापूरचा भुईकोट किल्ला इतिहासात दोनदा आंदण म्हणून बोलला गेला. पहिल्या वेळी तो देण्यात आला नाही, आणि म्हणून चाळीस वर्षे लढाया झाल्या. दुसऱ्या वेळी तो देण्यात आला, आणि त्या सोयरिकीतून दक्षिणेतले एक फार मोठे युद्ध उभे राहिले. त्या युद्धाला पुढे धर्मयुद्ध म्हणण्याचा प्रघात पडला. एखाद्या युद्धाला धर्मयुद्ध म्हणायचे म्हणजे नेमके काय म्हणायचे, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे पडलेला आहे. आणि त्याचा विचार करण्यासाठी मला सिद्धेश्वराच्या तळ्यापलीकडे फारसे जावे लागत नाही.

मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण, शाळेतली मास्तरकी आणि चार-दोन कादंबऱ्या एवढीच माझी पुंजी. पण कादंबरी लिहिणाराला एक खोड जडते. माणूस बैठकीत काय बोलला याइतकेच, बैठक उठल्यावर तो काखेत काय मारून घरी गेला, याकडे त्याचे लक्ष असते. राजेलोकांकडेही मी त्याच नजरेने पाहतो.

पहिले लग्न 1524 सालचे. विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. लग्न सोलापुरातच लागले. वधूबरोबर सोलापूरचा किल्ला द्यायचा अशी बोली झाली होती, असे नगरकरांचे म्हणणे; अशी बोली आम्ही केलीच नव्हती, असे विजापूरकरांचे. मांडवात ठरलेल्या गोष्टींवरून वरातीनंतर तंटे होणे आपल्याकडे नवीन नाही. पण इथे व्याह्यांच्या हाताखाली फौजा होत्या. हळद उतरते न उतरते तोच लढाई जुंपली.

आता गंमत पाहा. या लग्नाच्या वेळी विजापूरचे घराणे शिया पंथाचे आणि नगरचे सुन्नी. 1534 मध्ये विजापूरच्या गादीवर इब्राहीम आदिलशहा आला आणि त्याने सुन्नी पंथ पुन्हा आणला. पुढे 1537 च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला. म्हणजे दोन्ही दरबारांनी पंथांची अदलाबदलच केली म्हणा ना! 1558 मध्ये विजापुरी अली आदिलशहा आला, तो पुन्हा शिया. आता दोन्ही घराणी एका पंथाची झाली. तरी सोलापूरचा तंटा जिथल्या तिथे. श्रद्धा इकडची तिकडे झाली, किल्ल्यावरचा हक्क मात्र कोणी तसूभर सोडला नाही.

या तंट्यात विजयनगर कुठे होते? ते सर्वत्र होते. 1543 मध्ये विजयनगर बुऱ्हाणच्या बाजूने विजापुरावर उतरले. 1552 च्या सुमारास बुऱ्हाण आणि रामराय यांनी मिळून मोहीम केली. रायचूर-मुद्गल रामरायाने घेतले आणि सोलापूर बुऱ्हाणने. मग अली आदिलशहा गादीवर येताच तो स्वतः विजयनगरला गेला. रामरायाचा मुलगा वारला होता, त्याचा दुखवटा करायला. रामरायाच्या राणीने त्याला मुलगा मानले, असे फरिश्ता हा तवारीखकार लिहितो. या मानलेल्या नात्याच्या बळावर दोघांनी मिळून अहमदनगर तुडवले. गोवळकोंड्याचा इब्राहीम कुत्बशहा तर तरुणपणी भावाच्या भयाने पळून सात वर्षे रामरायाच्याच आश्रयाला राहिला होता. चाळीस वर्षांच्या या पटावर हिंदू एकीकडे आणि मुसलमान दुसरीकडे अशी रेघ ओढायला गेले, तर ती पहिल्याच घरात मोडते.

मग रामराय सर्वांनाच जड होऊ लागला. आज याच्या बाजूने, उद्या त्याच्या बाजूने उतरून तो दर वेळी स्वतःचा मुलूख वाढवीत होता. तेव्हा विजापूर आणि अहमदनगर यांनी जुना हिशेब मिटवायचे ठरवले. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली, आणि अलीची बहीण हुसेनचा मुलगा मुर्तझा याला. चांदबीबीबरोबर आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला विजापूरकरांना मिळाला. चाळीस वर्षांपूर्वी वरपक्षाने मागितलेला आणि न मिळालेला किल्ला या वेळी उलट दिशेने गेला. गोवळकोंडा आणि बीदर सामील झाले. 23 जानेवारी 1565 रोजी तालिकोट ऊर्फ राक्षसतागडीची लढाई झाली. वृद्ध रामरायाचे मस्तक हुसेन निजामशहाने उतरवले आणि विजयनगर शहर महिनोन् महिने लुटले गेले.

फरिश्त्याने या युद्धाचे कारण सांगितले आहे ते असे, की नगरच्या स्वारीत विजयनगरच्या सैन्याने मशिदींची विटंबना केली आणि सुलतानांना धर्माचा अपमान सहन झाला नाही. तो हे विजापूरच्या आश्रयाने, चाळीस-एक वर्षांनी लिहीत होता. विटंबना झालीच नसेल असे मी म्हणत नाही. स्वाऱ्यांत कोणत्या सैन्याने काय केले नाही? पण ती स्वारी रामरायाची एकट्याची नव्हती. ज्या अली आदिलशहाने त्याला बोलावले, तो सबंध वेळ त्याच्या शेजारीच होता.

हा धडा शिकवताना वर्गात एका मुलाने विचारले होते, “सर, पण शेवटी जिंकलं कोण?” परीक्षेच्या दृष्टीने उत्तर एका ओळीचे आहे. खरे उत्तर मात्र असे एका ओळीत मावत नाही. हुसेन निजामशहा त्याच वर्षी वारला. रायचूर-मुद्गल विजापूरला मिळाले, आणि दोन-तीन वर्षांत हे विजयी व्याही पुन्हा एकमेकांवर चालून गेले. 1574 मध्ये अहमदनगरने वऱ्हाड गिळला. 1596 मध्ये तोच वऱ्हाड मोगलांच्या पदरात टाकावा लागला. लढाईत खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या बीदरला 1619 मध्ये विजापूरने खाल्ले. 1624 च्या भातवडीच्या विजयानंतर मलिक अंबरने सोलापूर पुन्हा निजामशाहीकडे ओढले. 1636 मध्ये निजामशाही बुडाली आणि शहाजहानच्या तहाने सोलापूर विजापूरकडे आले. 1668 च्या तहाने ते औरंगजेबाकडे गेले. मग 1686 मध्ये विजापूर आणि 1687 मध्ये गोवळकोंडा. किल्ला पुढे निजाम, पेशवे असे करीत 1818 च्या मे महिन्यात मन्रोने इंग्रजांसाठी घेतला. ज्यांच्या लग्नात तो आंदण होता त्यांची घराणी केव्हाच नामशेष झाली होती.

हे केवळ आपल्या मातीचे वैगुण्य समजू नये. युरोपात 1618 पासून 1648 पर्यंत तीस वर्षे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या नावाने युद्ध चालले. त्यात कॅथलिक फ्रान्सचा मुख्य मंत्री रिशल्यू, जो स्वतः पोपचा कार्डिनल होता, तो प्रोटेस्टंट स्वीडनला पैसा पुरवीत होता, कशासाठी? तर ऑस्ट्रियाचे कॅथलिक हाप्सबर्ग घराणे खचावे म्हणून. आणि एकाच ल्यूथरच्या पंथातले स्वीडन व डेन्मार्क 1643 मध्ये आपसांत लढत होते. वेस्टफालियाचा तह झाला तेव्हा धर्म कोणाचाच जिंकला नव्हता; हाप्सबर्ग उतरणीला लागले होते आणि फ्रान्सचे बूर्बाँ चढणीला. फ्रान्स आणि स्पेन यांचे भांडण 1659 पर्यंत चालले व ते मिटले, तेही एका लग्नाने. स्पेनची राजकन्या चौदाव्या लुईला दिली, पाच लाख सुवर्णनाणी हुंडा ठरला, तो स्पेनने दिला नाही, आणि 1667 मध्ये लुईने तेच निमित्त पुढे करून बायकोच्या माहेरचा मुलूख मागितला व युद्ध पुकारले. हे वाचताना मला वाटले, की अरे, हे तर आमचे सोलापूरच!

एक फरक मात्र सांगितला पाहिजे. वेस्टफालियाच्या तहात, राजाने पंथ बदलला म्हणून प्रजेनेही बदललाच पाहिजे असे नाही, एवढी गोष्ट जर्मन मुलखापुरती मान्य झाली. तीस वर्षांच्या रक्तपाताच्या मानाने हे पदरात पडलेले माप लहान आहे. पण ते प्रजेच्या पदरात पडले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या साऱ्यावरून शहाणे लोक एक झटपट निष्कर्ष काढतात: धर्म हे निव्वळ सोंग, खरी भूक जमिनीची. मला हे पटत नाही. सोंगासाठी कोणी प्राण देत नाही. राक्षसतागडीच्या मैदानावर दोन्ही बाजूंनी जे शिपाई पडले, त्यांतल्या कितीतरी जणांच्या ओठांवर शेवटी त्यांच्या देवाचे नाव असेल, आणि ते नाव खोटे नव्हते. राजाला धर्माचा उपयोग होतो तो प्रजेची श्रद्धा खरी असते म्हणूनच. बाजारात खपायला माल अस्सल लागतो.

तेव्हा राजाचा अपराध ढोंगाचा नाही, त्याहून मोठा आहे. गावात एखादा सावकार असतो. विधवा बाया, म्हातारीकोतारी माणसे आपले किडुकमिडुक त्याच्याकडे विश्वासाने ठेवतात. त्याने ती ठेव मोडून स्वतःचा व्यापार केला, तर सोने खोटे होते असे कोणी म्हणेल काय? सोने खरेच होते. म्हणून तर तो अपहार. लोकांची श्रद्धा ही अशीच राज्यकर्त्याकडे ठेवलेली ठेव आहे. ती मोडून जो किल्ले विकत घेतो, तो माझ्या मते शत्रूपेक्षाही स्वधर्माचा अधिक मोठा अपराधी. शत्रू देवळाचा किंवा मशिदीचा दगड फोडतो. हा आतला विश्वास खर्चून टाकतो, आणि तो पुन्हा बांधता येत नाही.

पण ठेवीदाराकडे काहीच दोष येत नाही काय? हिशेब मागायचा नाही असे त्याला कोणी सांगितले? सोळाव्या शतकातल्या शिपायाला ते शक्य नव्हते, हे मी मान्य करतो. आपल्याला ते आज शक्य आहे. म्हणून आपल्यावर त्याची जबाबदारीही आहे. कोणी धर्माच्या नावाने शस्त्र उचलायला सांगितले, तर त्याच्या भाषणातली शपथ ऐकून थांबू नये. उद्या तहनामा लिहिला जाईल तेव्हा त्यात काय लिहिले जाईल, ते आजच विचारावे. त्यात देवाचे नाव फक्त मायन्यात आणि खाली साऱ्या किल्ल्यांची यादी असेल, तर ते युद्ध देवाचे नव्हे.

या साऱ्या प्रकरणात एकच व्यक्ती अशी आहे, की जिने ती सोयरीक खरी मानली. किल्ल्याबरोबर जिची देवघेव झाली, ती चांदबीबी. 1580 मध्ये अली मारला गेला. तिने त्याच्या अल्पवयी पुतण्याच्या नावाने विजापूर सांभाळले. पुढे माहेरी मोगल आले तेव्हा 1595-96 च्या वेढ्यात तिने अहमदनगर लढवले, सुरुंगाने पडलेला तट रातोरात उभा केला. आणि 1597 मध्ये विजापूर-गोवळकोंड्याच्या फौजा नगरच्या मदतीला धावल्या, त्यामागे तिचीच हाक होती. दोन घराणी एक व्हावीत असे मांडवात सगळेच म्हणाले होते. म्हणणाऱ्यांना किल्ला हवा होता. जिला त्यांनी किल्ल्यासारखे देऊन टाकले, तिने ते शब्द जन्मभर पाळले. 1600 मध्ये मोगलांशी बोलणी करू पाहते म्हणून तिच्याच शहरातल्या लोकांनी तिला फितूर ठरवून ठार केले, आणि थोड्याच दिवसांत शहर पडले.

जिंकले कोण, या त्या मुलाच्या प्रश्नाला मी अजून समाधानकारक उत्तर दिलेले नाही. पण वचन कोणी पाळले असे कोणी विचारले, तर सोलापूरच्या किल्ल्याच्या साऱ्या धन्यांमध्ये मला एकाचेही नाव घेता येत नाही; तिचे तेवढे घेता येते.