भेगाळलेल्या जमिनीचा फोटो काढताना



मे महिन्याच्या अखेरीस शाळांना सुट्टी लागली की आपल्यापैकी अनेक कुटुंबे गावी जातात. परत येताना मोबाईलमध्ये बहुधा एक फोटो असतो : आटलेल्या तलावाचा भेगाळलेला तळ. षट्कोनी तुकडे, वर वळलेल्या कडा, तिरप्या उन्हात भेगांची सावली. सिंगापुरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इथे वाढलेल्या मुलांना अशा जमिनीचे नवल वाटणारच. पण एक प्रश्न उरतो. ज्या जमिनीवर कुणाचा तरी हंडा रिकामा राहिला, तिच्यात सौंदर्य शोधणे धम्माला धरून आहे का?

आधी भेग म्हणजे काय ते पाहू. काळ्या मातीत चिकण कणांचे प्रमाण मोठे असते. ती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. वरचा थर आधी वाळतो, खालचा ओलाच राहतो. त्या ओढाताणीत वरचा थर फाटतो. पहिल्या वाळण्यात नवी भेग जुन्या भेगेला साधारण काटकोनात मिळते. तीच जमीन पुन्हा पुन्हा भिजली आणि वाळली, की हे सांधे हळूहळू १२० अंशांकडे सरकतात आणि षट्कोन दिसू लागतात. म्हणजे रेखीव नक्षीमागे बहुधा अनेक वेळचे पाणी असते. मराठवाड्यातील काळ्या रानाला चांगल्या पावसाच्या वर्षीही उन्हाळ्यात भेगा पडतात. वरची माती त्या भेगांत पडते आणि जमीन आपोआप खालीवर होते. म्हणून अशा प्रत्येक फोटोखाली ‘दुष्काळ’ लिहून हळहळणे हेही यथार्थ पाहणे नव्हे. नुसती नक्षी पाहणारा आणि नुसती करुणा दाखवणारा, दोघेही वरवरच्या खुणेवर थांबतात. पाली भाषेत अशा खुणेला ‘निमित्त’ म्हणतात. निमित्ताला चिकटून राहू नये, ही बुद्धांची शिकवण आहे.

मग तहान कुठे दिसते? महाडचे उदाहरण घेऊ. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला. महाड नगरपालिकेनेही तो स्वीकारला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जावे लागले. तळ्यात पाणी होते. आदल्या दिवशी कुणी त्याचा फोटो काढला असता, तर त्यात शांत पाणी दिसले असते आणि आपल्या पूर्वजांची तहान कुठेच दिसली नसती. पुढे १९७०च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ उभी करावी लागली. दुष्काळात भेगा सगळ्यांच्याच शिवारात पडतात, पण पाणवठे वेगळे असतील तर तहान सारखी वाटली जात नाही.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून झालेल्या गृहत्यागाची कथा नाकारली आणि त्या जागी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेला वाद मांडला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा, असे सिद्धार्थाने सुचवले. त्याने नदीला दोष दिला नाही. पाणी माणसांत कसे वाटले जाते, तिकडे त्याने लक्ष वेधले.

कुणी म्हणेल, बुद्धांनीच बाहियाला सांगितले की पाहण्यात केवळ पाहणे असू दे. मग फोटो पाहताना कार्यकारणाचा विचार कशाला? पण तो उपदेश ‘मी’ आणि ‘माझे’ गळून पडावे म्हणून होता. त्याच बुद्धांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकवला : हे असल्यामुळे ते घडते. कारण न विचारण्याची सवलत धम्मात नाही.

आपल्या या शहराचे उदाहरण घ्या. १९६३-६४ मध्ये सिंगापुरात पाण्याचे रेशनिंग होते. फेब्रुवारी २०१४ हा १८६९ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा महिना ठरला. ऑक्टोबर २०१६ मध्ये जोहोरमधील लिंगिऊ जलाशय २० टक्क्यांपर्यंत घसरला. तरीही आपल्या घरचे नळ चालू राहिले. कारण १९६२चा करार, २००३ पासूनचे न्यूवॉटर आणि २००५ पासून समुद्राचे गोडे केलेले पाणी अशी व्यवस्था उभी राहिली होती. त्याच २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या फेरीत १० टाक्या, सुमारे ५ लाख लिटर. श्रीमंत नगरराज्य आणि मराठवाड्यातील जिल्हा यांची थेट तुलना होत नाही, हे खरे. पण आटलेल्या तळाचे दोन फोटो शेजारी ठेवले, तर कुणाच्या घरी पाणी आहे आणि कुणाच्या घरी नाही, हे त्यांवरून ओळखता येणार नाही.

म्हणून फोटो जरूर काढावा. सुंदर ते सुंदर म्हणण्यात पाप नाही. पण तो ग्रुपवर टाकण्याआधी गावातल्या काकूंना, आत्याला दोन-तीन गोष्टी विचाराव्यात. हे रान आहे की तलावाचा तळ? इथले पाणी उन्हाने गेले की कुणी उपसून नेले? आपल्या वस्तीला टँकर किती दिवसांनी येतो आणि हंडे कोण भरते? मिळालेली उत्तरे फोटोखाली लिहावीत. मुलांना नक्षी आवडेलच. त्यांनी ती माणसेही ओळखावीत.

भवतु सब्ब मंगलं.