ज्यांना मालक नाही त्यांची सुरक्षा

जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली आजारपणाचा विमा कायद्याने आणला, १८८४ ला अपघाताचा आणि १८८९ ला म्हातारपणाचा. समाजवाद्यांचा जोर ओसरावा हा हेतू उघड होता, पण घडी टिकली: कामगाराने काही भरायचे, मालकाने काही भरायचे आणि अडीनडीला त्यातून हक्काने घ्यायचे. आपला १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आणि १९५२ चा भविष्य निर्वाह निधी कायदा याच कुळातले. सामाजिक सुरक्षेच्या या घडीत माणसाला मालक आहे आणि त्याचे नाव हजेरीपटावर आहे, हे धरूनच चाललेले.

बाजार समितीतला हमाल कुणाच्या हजेरीपटावर असणार? सकाळी एका आडत्याची पोती, दुपारी दुसऱ्याचा ट्रक. हमालांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक ठरवण्याचा वादच बाजूला ठेवला आणि मध्ये मंडळ उभे केले. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो. मंडळ मजुरी देते आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, दवाखाना भागवते. व्यापारी बदलले तरी हमालाचे खाते तेच राहते. मला हा कायदा महाराष्ट्राच्या सर्वांत अस्सल विचारांपैकी एक वाटतो.

शेतमजुराची अडचण याहून मुळातली, त्याला कामच नाही. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळाने त्याची गरज साऱ्या राज्याला पटवली आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. पैशाचा मोठा वाटा उभा राहिला तो शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. भत्ता नाममात्र होता. पण सरकार मजुराचे देणे लागते, हे कायद्यात लिहिले गेले.

जगात 'सामाजिक संरक्षण' ही संकल्पना रुळली ती १९९० नंतर. विमा, निवृत्तिवेतन, अन्नधान्य, रोजगार, रोख मदत असे सगळे तिने पोटात घेतले. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रत्येकाला आरोग्यसेवा आणि किमान उत्पन्नाची शाश्वती असावी, अशी शिफारस केली. वर्गणी भरणाऱ्यांची सुरक्षा हा आता या मोठ्या संरक्षणाचा एक भाग मानतात. खुद्द श्रम संघटना मात्र 'सुरक्षा' आणि 'संरक्षण' हे दोन्ही शब्द बरेचदा एकाच अर्थाने वापरते.

विस्तार हवाच होता. धोका आहे तो हक्काची योजना होण्याचा. योजना अंदाजपत्रकानुसार वाढते, आटते. तिचा लाभार्थी असतो, हक्कदार नसतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ॲपवर काम करणाऱ्यांची दखल घेतली आणि कंपन्यांकडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणीची तरतूद केली, पण त्यातून कामगाराला नेमके काय मिळणार, हे पुढच्या योजनांवर सोडले. घरोघरी जेवण पोचवणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्राने माथाडी मंडळाच्या धर्तीवर स्वतःचा कायदा करावा, आणि त्यात काय मिळेल ते कलमाने लिहावे.