न पाहण्याचा संकेत : चाळ, एकाकीपणा आणि एक नैतिक प्रश्न

१

आपल्याकडील समीक्षेत एकाकीपणाचा विचार बहुधा एकाच दिशेने झाला आहे. गाव सुटले, एकत्र कुटुंब मोडले, महानगराच्या यंत्रात माणूस सुटा झाला आणि त्यातून परात्मता आली, अशी ही मांडणी आहे. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’पासून (१९४७) साठोत्तरी कादंबरीपर्यंतचे बरेच काही तिने उलगडून दाखवले, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे : एकाकीपणा म्हणजे समूहाचा अभाव. जेथे समूह दाट आहे आणि दारे दिवसभर उघडी आहेत, तेथे एकाकीपणाला जागा नाही, असे त्यातून आपोआपच निष्पन्न होते.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील चाळींविषयीचे आजचे स्मरणरंजन याच गृहीतकावर उभे आहे. चाळ गेली, टॉवर आला, दारे लागली आणि माणूस एकटा पडला, असे म्हटले जाते. हे अर्धसत्य आहे. ते नैतिक दृष्टीनेही तपासायला हवे. कारण त्या उघड्या दारांच्या आत ज्यांनी आपले दुःख एकट्याने सोसले, त्यांच्या अनुभवाचाच त्यात अव्हेर होतो.

२

एकांत आणि एकाकीपणा हे शब्द आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. हाना आरेंट यांनी त्यांत केलेला भेद येथे उपयोगी पडेल. एकांतात माणूस स्वतःच्या सोबतीला असतो. एकाकीपणात ती सोबतही सुटते आणि हा अनुभव इतरांच्या सहवासातच सर्वांत तीव्र होतो. गिरणगावातील चाळीत एकांत जवळजवळ अशक्य होता. एका खोलीत अख्खे कुटुंब. किंवा गावाच्या मंडळाच्या खोलीत गिरणीच्या पाळ्यांनुसार झोपणारे आणि उठणारे पुरुष, म्हणजे एकाने सोडलेल्या जागेवर दुसऱ्याने अंग टाकायचे. सामाईक नळ, सामाईक शौचकूप, सामाईक गॅलरी. रडायला जागा नाही, भांडायलाही नाही.

अशा ठिकाणी माणसे एकत्र राहू शकली, ती एका अलिखित संकेताच्या बळावर. शेजारच्या खोलीतले भांडण ऐकू येते, पण ऐकलेले नसते. नळावर भेटलेल्या बाईचे डोळे सुजलेले दिसतात, पण पाहिलेले नसतात. गेओर्ग झिमेल यांनी १९०३ साली महानगरी माणसाच्या अलिप्ततेचे विश्लेषण केले, ते प्रामुख्याने रस्त्यावरच्या अनोळखी गर्दीच्या संदर्भात. चाळीतील अलिप्तता याच्या उलट आहे. ती पुरत्या ओळखीच्या माणसांशी पाळायची असते. भिंत नसलेल्या जागी ही अलिप्तताच भिंतीचे काम करी. हा संकेत मुळात सौजन्याचा होता, हे लक्षात घेतले पाहिजे. परंतु त्याची दुसरी बाजूही होती. सर्वांना सर्व ठाऊक आहे आणि कोणीही काही बोलणार नाही, ही खात्री ज्या जागी असते तेथे दुःख सांगण्याचा आरंभ कोणी करायचा?

कामगाराचे पत्र हे या कोंडीचे उत्तम उदाहरण आहे. बायको कोकणात किंवा घाटावर, नवरा परळला. लिहिता न येणारा कामगार दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेई. तिकडेही ते दुसराच कोणी वाचून दाखवी. दोन त्रयस्थांच्या तोंडून जाणाऱ्या पत्रात काय लिहिता येणार? ‘येथील सर्व क्षेम’ हा केवळ शिष्टाचार नव्हता. जे सांगता येत नाही त्यावर घातलेले ते झाकण होते. मनिऑर्डर पोहोचे, मन पोहोचत नसे.

३

मग हे दुःख कधीच बोलले गेले नाही काय? गेले, पण सर्वांचे झाल्यावर. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या लावणीचे सामर्थ्य येथे आहे. तिच्यातला विरह एका कामगाराचा, गिरणगावातल्या हजारोंचा आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या तुटलेल्या भागांचाही होतो. मैदानात ती ऐकणाऱ्याला ‘हे माझे आहे’ असे कबूल करावे लागत नाही. सामूहिक रूपाने खासगी दुःखाला मुखवटा दिला आणि मुखवट्यामुळेच ते उघडपणे बोलू शकले.

परंतु प्रत्येक दुःखाला असे रूप मिळत नाही. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतील निवेदकाला परगावी आदर मिळतो, जिव्हाळा मिळतो; मात्र तो जात न कळलेल्या माणसाला मिळालेला आहे. जितका जिव्हाळा अधिक, तितका तो आतून एकटा. जात उघड झाल्यावर त्याला मार बसतो. येथे न सांगणे हा संकोच नाही, तो स्वसंरक्षणाचा उपाय आहे. ‘मन मोकळे करावे’ हा उपदेश करणाऱ्याने आधी हे विचारले पाहिजे की मन मोकळे करण्याची किंमत कोणाला परवडते.

४

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने या संकेताची कसोटी पाहिली. सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले. संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. न संपलेल्या संपाला शोकही करता येत नाही. संप सामूहिक होता, पण पराभव घराघरांत, एकेकट्याने भोगला गेला. संपाच्या मागण्यांना घोषणा होत्या. भांडे विकण्याला, मुलाची शाळा सुटण्याला, सकाळी उठून कोठेतरी गेल्याचे सोंग करण्याला घोषणा नव्हत्या. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात एकाच खोलीत आई आणि तिची वाढलेली मुले आपापला पराभव घेऊन वावरतात. ती सतत बोलतात, भांडतात. पण जे बोलायचे ते त्या बोलण्याखाली गाडले जाते. प्रत्येक खोलीत तेच दुःख असूनही प्रत्येक खोली एकटी, हे चाळीच्या जवळिकीचे सर्वांत कठोर रूप होय.

येथे मूळ नैतिक प्रश्न उपस्थित होतो. शेजाऱ्याचे दुःख न पाहणे हे सौजन्य केव्हा असते आणि केव्हा ते टाळणे ठरते? माझ्या मते याचा निकष पाहणाऱ्याच्या हेतूत शोधून भागणार नाही. तो त्याने उचललेल्या भारात शोधावा लागेल. पगार नसलेल्याचे खाते पुढे चालू ठेवणारी खाणावळवाली बाई काही विचारत नाही. पण तिचे मौन तिला पैशांत पडते. अशा मौनात समोरच्याचा मान राखला जातो आणि ओझेही वाटून घेतले जाते. ज्या मौनाची पाहणाऱ्याला काहीच झळ लागत नाही, ते मौन त्याच्याच सोयीचे असते.

तरीही हा निकष पुरेसा नाही. अन्न मिळाल्याने भूक भागते. आपल्याला कोणी जाणले, ही भूक भागत नाही. आणि दोन वेळा पुरुषांच्या पंक्ती उठवणाऱ्या त्या बाईचे काय? सावकाराचे व्याज, नवऱ्याची गेलेली नोकरी, धुरात गेलेले डोळे. साऱ्या आळीची खबर असलेल्या या बाईची खबर कोण घेत होते?

५

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली, ती या खाणावळवाल्या बायांसाठी. बँकेचे कर्ज मिळवायचे तर बायांनी गट करून एकमेकींची हमी घ्यायची. व्यवहार म्हणून हे साधे आहे. पण नैतिक दृष्टीने पाहता त्यात संकेत बदललेला दिसतो. हमी घ्यायची म्हणजे आपले देणे दुसरीसमोर उच्चारावे लागते, आणि ते ऐकणारी स्वतःही त्यात बांधली जाते. येथे सांगणारी उघडी पडत नाही, कारण ऐकणारी तिच्याइतकीच उघडी असते. मौन आणि चव्हाटा यांच्यामधली ही तिसरी शक्यता आहे. बागुलांच्या निवेदकाला ती उपलब्ध नव्हती : त्याच्यावर माया करणाऱ्यांना उघडे पडण्याचे भयच नव्हते.

बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू असताना चाळीचे काय वाचवायचे, याची चर्चा होते. तीत गॅलरी आणि उघडे दार यांनाच बहुधा स्थान मिळते. त्या दारातून दुःख दिसत असे, पण सांगता येत असेच असे नाही. समीक्षेनेही चाळीचे साहित्य वाचताना गजबज मोजून थांबू नये. या पात्रांपैकी कोण कोणासमोर बोलू शकतो, आणि ऐकणारा त्यात काय पणाला लावतो, हे विचारल्याखेरीज परात्मतेची आपली मांडणी अपुरीच राहील.