गाव गोड का लागते?

दत्तजयंतीचा सप्ताह जवळ आला, गुरुचरित्राची पोथी खाली निघाली, की माझे मन आपोआप कृष्णाकाठी जाते. शिरोळ तालुक्यातले आमचे गाव नरसोबाच्या वाडीहून पायी तासाभराच्या वाटेवर. काळी जमीन, चहूकडे ऊस आणि नदीच्या मळीत वांगी. वडील दर पौर्णिमेला वाडीला चालत जायचे, आम्हा दोघा भावांना बरोबर घेऊन. पादुकांचे दर्शन, मग संगमाच्या घाटावर बसून शिदोरी, आणि परतताना कवठाच्या बर्फीची एक वडी. ती एक वडी दोघांत. मोठा तुकडा कुणाला, यावरून घरी पोचेपर्यंत आमचे भांडण चालायचे.

विसाव्या वर्षी नोकरीसाठी पुण्याला आलो तो इथलाच झालो. भाऊ गावीच राहिला. आता मी सत्तरीला टेकलो आहे.

गेल्या मार्गशीर्षात आठ दिवस गावी जाऊन राहिलो. दत्तमहाराजांच्या अंकात लिहितो आहे, म्हणून खोटे लिहीत नाही. दर्शनाची ओढ होतीच, पण मुख्य काम वाटणीचे होते. घराच्या आणि शेताच्या कागदांवर आम्हा दोघांची नावे अजून एकत्र आहेत. मुले म्हणाली, "बाबा, तुमच्या डोळ्यांदेखत काय ते करून टाका." म्हणून पिशवीत पोथीखाली कागदांची फाईल होती.

पहिले तीन दिवस फाईल काढायची आठवणसुद्धा झाली नाही. काय सांगू, लहान मूल झालो होतो. पहाटे पेटलेल्या बंबाचा धूर, गोठ्यात चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज, भावजय भाकरी थापते त्याची लय, हे सगळे अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत राहायचो. गुऱ्हाळावर गेलो, काहिलीपाशी उभा राहून गरम काकवी चाखली. बांधावरचा उंबर अजून तसाच आहे. त्याला हात लावून उभा राहिलो तर उगाच डोळे भरून आले. संध्याकाळी वाडीला जाऊन पालखी पाहिली. देवळाभोवती तीन प्रदक्षिणा होईपर्यंत वडिलांचे बोट धरल्यासारखे वाटत होते. पुण्यात सगळे असून जे मिळत नाही ते इथे फुकट मिळते आहे, असे मी दहा वेळा बोलून दाखवले असेल.

चौथ्या रात्री जेवणे झाल्यावर अंगणात बसलो होतो. मी पुन्हा तेच म्हणालो, "खरं सुख इथंच आहे बघ." भाऊ तंबाखू मळत होता. मान वर न करता म्हणाला, "आण्णा, तुमास्नी गाव ग्वाड लागतंय, कारन चार दिसांनी तुमी परत जानार."

रागाने बोलला असता तर मीही उलट बोललो असतो. पण तो अगदी सहज बोलला. उठून आत झोपायला गेला.

मला मात्र झोप आली नाही. कंदिलाएवढ्या उजेडाच्या त्या दिव्यात समोरची भिंत दिसत होती. तिच्यावर माझ्या छातीएवढ्या उंचीवर मातकट रेघ आहे. ती २०१९च्या ऑगस्टमधल्या पुराची. त्या वेळी मी पुण्यात टीव्हीपुढे बसून वाडीचे देऊळ पाण्याखाली गेलेले पाहिले आणि हात जोडले. त्याच वेळी माझा भाऊ जनावरे घेऊन माळावर होता आणि भावजय छावणीत. मी फोन केले, पैसेही पाठवले. गेलो मात्र नाही. पाणी ओसरल्यावर घरातला चिखल त्या दोघांनी काढला. २०२१ साली पुन्हा पाणी आले, तेव्हाही तसेच.

वाडीचा दक्षिणद्वार सोहळा आपल्यापैकी अनेकांनी अनुभवला असेल. कृष्णामाई चढत चढत गाभाऱ्यात येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान घडावे म्हणून भाविक लांबलांबून येतात. लहानपणी मीही त्यात डुंबलो आहे. पण तेच पाणी आणखी चढले की आमच्या घरात येते, हे मला त्या रात्री पहिल्यांदा एका ओळीत दिसले. मला ज्याचा सोहळा आठवतो, त्याची भावाला धास्ती वाटते. मग माझा तीन दिवसांचा आनंद खरा होता की खोटा? की तो फक्त पाहुण्याचा आनंद होता?

एक मन म्हणाले, हा सगळा मोहच. आपले दैवत अवधूत. कोल्हापुरी भिक्षा, माहुरी निद्रा अशी ज्याची परंपरेने सांगितलेली दिनचर्या, त्याच्या भक्ताने बांधावरच्या उंबराला मिठी मारून रडावे हे शोभते का? गाव सोडले ते सोडले.

पण मग आठवले की श्रीनृसिंहसरस्वती स्वामीमहाराजांनीही वाडी सोडली होती. बारा वर्षे संगमावर राहून ते गाणगापुरास निघाले. योगिनींनी नका जाऊ म्हणून विनवले, तेव्हा औदुंबरात आपला वास राहील असे त्यांनी सांगितले आणि मागे मनोहर पादुका ठेवल्या. म्हणजे स्थान सोडणे हा दोष नव्हे. संन्यासी असून त्यांनी मागे राहणाऱ्यांची सोय लावली. मी संसारी. मी गेलो तेव्हा मागे काय ठेवले? माझ्या खोलीला एक कुलूप, आणि सातबाऱ्यावर नाव.

आणखी एक गोष्ट आठवली. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. आपण ते पाठ म्हणतो, पण ते गुरू कोण आहेत ते पाहावे. पृथ्वी, पाणी, कबुतर, मधमाशी, लहान मूल, कांडण करताना बांगड्या काढून ठेवणारी मुलगी. सगळी रोजच्या पाहण्यातली. तेव्हा धुरात, धारेत, भाकरीच्या आवाजात मन रमले म्हणून परमार्थ बुडत नाही. अवधूताचे तर शिक्षणच अशा गोष्टींत झाले. पण त्यातली मधमाशी काय शिकवते? ती एका फुलावर तुटून पडत नाही. थोडे थोडे घेते आणि फूल दुखावत नाही. मुनीनेही असेच दारोदारी थोडे थोडे घ्यावे, कोणत्याही घराला आपला भार होऊ देऊ नये. आणि मधाचा साठा करणारी माशी साठ्यापायी जीव गमावते, हेही तिथेच सांगितले आहे.

भावाचे बोलणे मला तिथे कळले. मी रोज आनंद घेत होतो आणि त्याचा भार मात्र दुसऱ्याच्या डोक्यावर होता. धूर मला सुवासिक वाटला, कारण पहाटे उठून बंब पेटवणारी भावजय होती. आठवणींचा साठा माझा, आणि ज्या भिंतींत तो साठवला आहे त्या दर पावसाळ्यानंतर धुणारे हात दुसऱ्याचे. आनंद खोटा नव्हता. त्याचे मोल मी दिले नव्हते, एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजयीला म्हणालो, "मला काहीतरी काम दे." ती हसली. "दादा, तुमी बसा की. चार दिसांचं पावनं तुमी." मी ऐकले नाही. शेवटी तिने माळ्यावरून आईचे तांब्याचे घंगाळ काढून दिले. पुरानंतर ते धुऊन ठेवले होते, पण घासायला सवड झाली नव्हती. कडांच्या खाचेत गाळ अजून बसलेला. चिंच आणि राख घेऊन मी परड्यात बसलो. गुडघे बोलत होते. तासाभराने बोटाएवढ्या जागेत तांबे चमकले, आणि खरे सांगतो, गुऱ्हाळावर, पालखीपुढे झाला त्याहून मला वेगळा आनंद झाला. त्यात आठवण कमी होती. समोरचे घंगाळ आणि माझे हात, एवढेच होते.

थोड्या वेळाने भाऊ आला. काही न बोलता समोर बसला आणि दुसऱ्या बाजूने घासू लागला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आई असती तर म्हनली असती, बुडाला अजून काळं हाय." दोघेही हसलो. कवठाच्या वडीवरून भांडणारे आम्ही दोघे जणू पुन्हा परड्यात बसलो होतो.

त्या दिवशी पानात घेवड्याची भाजी होती. दत्ताच्या नैवेद्याला आपल्याकडे घेवडा हवाच. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातला अमरापूरचा गरीब ब्राह्मण सर्वांना ठाऊक आहे. घरात धान्य नाही, म्हणून दारच्या वेलाच्या शेंगा शिजवून त्याने स्वामींना भिक्षा घातली. स्वामींनी जाताना तोच वेल उपटला. बायको रडू लागली. त्याने तिची समजूत घातली, आणि मूळ खणताना द्रव्याचा कुंभ सापडला. लहानपणी आम्हाला तो कुंभच आवडायचा. आता वाटते, कुंभ मागाहून आला. आधी त्या दोघांनी त्या दिवशी जे होते ते पुढे केले, आणि 'माझा वेल' म्हणून धरलेले हातातून गेले तरी देणाऱ्याला बोल लावला नाही. आपले ते सोडणे आणि आपल्याजवळचे वाढणे, ही दोन्ही कामे गृहस्थाला एकाच घरात राहून करायची असतात.

फाईल मी तशीच परत आणली. पुढे मुलांशी बोलून घरातला माझा हिस्सा हक्कसोडपत्राने भावाच्या नावे केला. शेताचे अजून ठरायचे आहे, आणि तेवढ्यापुरती माझ्याही मनात ओढाताण आहे. मी काही फार मोठे केले असे समजू नये. जे घर त्याने दोनदा चिखलातून काढले, ते त्याचेच होते.

यंदा आषाढ लागण्यापूर्वी पंधरा दिवस जाऊन राहिलो. धान्याची पोती माळ्यावर चढवायला आता माझा उपयोग नाही, पण कागदपत्रे, देवघरातले टाक आणि पोथी प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवणे मला जमते. घंगाळही वर ठेवले. रात्री अंगणात बसलो असता भावाने विचारले, "आण्णा, आता कसं वाटतंय गाव?"

मी म्हणालो, "कंबर दुखतेय."

"मंग आता गावचं झाला तुमी," तो म्हणाला.

परत निघण्याच्या आदल्या दिवशी वाडीला जाऊन पादुकांपुढे डोके टेकवले. मागायचे काही सुचले नाही. वडील होते तेव्हा याच घाटावर एका वडीचे दोन तुकडे व्हायचे. मी एक वडी घेतली, घरी आणली आणि मोठा तुकडा भावाला दिला.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥